हवा फुकट, दाब महाग

ठाणे किंवा डोंबिवली स्थानकात लोकल थांबली की डब्याखालून 'फुस्स' असा एक लांबलचक सुस्कारा ऐकू येतो आणि पाठोपाठ कुठेतरी एक यंत्र धडधडू लागते. रोजच्या प्रवाशाच्या कानाला हा आवाज इतका सरावलेला असतो, की त्याची दखलही घेतली जात नाही. तो आवाज असतो दाबाखालच्या हवेचा. लोकलचे ब्रेक, तिचा भोंगा आणि टपावरचा पेंटोग्राफ वर उचलणारी यंत्रणा कॉम्प्रेसरने दाबून साठविलेल्या हवेवर चालते. याच लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या औद्योगिक वसाहतींमध्ये, ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून डोंबिवली आणि अंबरनाथपर्यंत, लोखंड कापणाऱ्या, घासणाऱ्या, वाकविणाऱ्या आणि रंगविणाऱ्या गाळ्यांतही तीच हवा राबत असते. रेल्वेत तिच्या देखभालीचे वेळापत्रक असते आणि ते पाळले जाते. गाळ्यात मात्र कॉम्प्रेसर बहुधा जिन्याखाली, पोटमाळ्यावर किंवा मागच्या भिंतीला टेकून उभा असतो आणि तो बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. गेल्या काही दशकांत तेथील अनेक कारखान्यांच्या जागी कार्यालये उभी राहिली, इंजिनीअरिंगचे बरेचसे काम अंबरनाथ, बदलापूर, मुरबाड आणि भिवंडीकडे सरकले. तरीही लेथ, मिलिंग, प्रेस आणि फॅब्रिकेशनची जॉबवर्क करणारे छोटे गाळे या पट्ट्यात आजही आहेत. मोठ्या कारखान्याने ठरवून दिलेल्या दरात नग बनवून द्यायचा आणि नगामागे उरलेल्या काही रुपयांवर घर आणि कामगार दोन्ही सांभाळायचे, असा त्यांचा व्यवहार असतो. अशा गाळ्याचे वीजबिल पाहिले, तर त्यातला मोठा हिस्सा अनेकदा लेथचा किंवा वेल्डिंगचा नसून कोपऱ्यातल्या त्या कॉम्प्रेसरचा निघतो.

गाळ्यात हवेची कामे तरी किती असावीत? सीएनसी यंत्रात टूल धरणे-सोडणे, चक आवळणे आणि स्पिंडलमध्ये धूळ-कूलंट शिरू न देणे ही कामे हवा करते. बऱ्याच पॉवर प्रेसचा क्लच आणि ब्रेक हवेवर चालतो. तेथे दाब कमी पडला तर प्रश्न केवळ उत्पादनाचा उरत नाही. नट आवळणारी इम्पॅक्ट गन, हातातला ग्राइंडर, वाळूचा मारा करून गंज उतरविणारे ब्लास्टिंग, रंगाची फवारणी, पावडर कोटिंग, प्लाझ्मा कटिंग यांपैकी काहीही हवेवाचून चालत नाही. अलीकडे पत्रा कापणाऱ्या फायबर लेसर यंत्रांमध्ये नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या सिलिंडरऐवजी दाबयुक्त हवाच वापरण्याकडे कल वाढला आहे, आणि त्यासाठी नेहमीच्या सहा-सात बारऐवजी बारा ते सोळा बारचा दाब लागतो.

हवेची लोकप्रियता अकारण नाही. हवेचा ग्राइंडर विजेच्या ग्राइंडरपेक्षा हलका असतो, अडकून थांबला तरी जळत नाही, ओल्या हातांनी धरला तरी शॉक देत नाही. हवेच्या सिलिंडरची रचना इतकी साधी असते, की गाळ्यातला फिटर तो तासाभरात उघडून, रबरी सील बदलून पुन्हा बसवू शकतो. अडचण असते ती या सोयीच्या किमतीची. सायकलच्या चाकात हवा भरणाऱ्या प्रत्येकाने पंपाचे टोक तापल्याचे अनुभवले आहे. कॉम्प्रेसरमध्ये नेमके तेच मोठ्या प्रमाणावर घडते. मोटारीला दिलेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो आणि जेमतेम दहा ते तीस टक्के ऊर्जाच प्रत्यक्ष कामाच्या जागी पोहोचते. हवेच्या मोटारीकडून एक अश्वशक्तीचे काम करून घेण्यासाठी कॉम्प्रेसरला सात-आठ अश्वशक्तीची वीज खावी लागते, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. बाहेरची हवा फुकट असते हे खरे. नळीतून येणारी हवा ही मात्र कारखान्यातली सर्वांत महाग ऊर्जा ठरते.

शुक्रवारची शांतता

ठाणे-कल्याण पट्ट्यातील बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते. एरवी प्रेसच्या दणक्यांत आणि ग्राइंडरच्या किंकाळ्यांत जे ऐकू येत नाही, ते या दिवशी ऐकू येते. सर्व यंत्रे बंद ठेवून केवळ कॉम्प्रेसर चालू केला आणि हवेची लाइन भरू दिली, तर भिंतीच्या कडेने, छताखाली, यंत्रांच्या मागे सापासारखे फूत्कार ऐकू येऊ लागतात. ही असते गळती. देखभाल नसलेल्या यंत्रणेत कॉम्प्रेसरने तयार केलेल्या हवेपैकी वीस ते तीस टक्के हवा अशी वाटेतच निघून जाते. 'ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी' या केंद्रीय संस्थेच्या प्रशिक्षण पुस्तिकांमध्येही गळतीला अग्रक्रम दिलेला आहे.

गळती मोजण्यासाठी कोणत्याही महागड्या उपकरणाची गरज नसते. हातात घड्याळ असले की पुरे. यंत्रे बंद असताना हवेचा वापर शून्य असायला हवा. म्हणजे लाइन एकदा भरली, की कॉम्प्रेसरने पुन्हा हवा दाबण्याचे काहीच कारण नाही. प्रत्यक्षात दाब हळूहळू उतरतो, कॉम्प्रेसर पुन्हा 'लोड' घेतो, दाब चढला की सोडतो. समजा, तो दोन मिनिटे हवा दाबतो आणि सहा मिनिटे मोकळा राहतो. एकूण आठ मिनिटांपैकी दोन मिनिटे, म्हणजे पाव वेळ, तो केवळ गळतीसाठी राबतो आहे. कॉम्प्रेसरची क्षमता १०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला १०० घनफूट असेल, तर २५ सीएफएम हवा भिंतींना वाटली जात आहे. एकाच मापनावर विसंबू नये. चार-पाच फेऱ्यांची सरासरी काढली, की आकडा भरवशाचा होतो.

आता या आकड्याचे रुपये करता येतात. सात बार दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटर व्यासाचे एक भोक पडले, तर त्यातून साधारण एवढीच हवा जाते. गाळाभर विखुरलेल्या पंधरा-वीस किरकोळ गळत्यांची बेरीज म्हणजे काडेपेटीच्या काडीपेक्षा थोडे मोठे एक भोक! त्यासाठी कॉम्प्रेसरला कमीत कमी चार किलोवॅट वीज लागते. दिवसाचे १२ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर ही वीज होते १४ हजार ४०० युनिट. युनिटला आठ रुपये हा केवळ हिशेबासाठी धरलेला दर लावला, तरी रक्कम जाते १ लाख १५ हजार रुपयांवर. ज्याच्या गाळ्यात पाच माणसे काम करतात, त्याला ही रक्कम कामगाराच्या काही महिन्यांच्या पगाराएवढी वाटेल. पाण्याचा नळ असा वाहत राहिला असता तर कोणीतरी धावत जाऊन बंद केला असता. हवा दिसत नाही, जमीन ओली करत नाही, वासही देत नाही. म्हणून ती वाहू दिली जाते.

हवा गळते कोठून, हेही ठरलेले असते. सरळ पाइप सहसा गळत नाही. गळतात ते सांधे, झटपट जोडायची कपलिंग, तारेने आवळलेल्या रबरी नळ्या, फिल्टरच्या काचेखालचे ड्रेन आणि बंद पडलेल्या यंत्रांकडे जाणाऱ्या, पण कोणीच न कापलेल्या जुन्या लाइन. साबणाचे पाणी ब्रशने लावले, की फुगे येऊन गळती जागच्या जागी दिसते. ती दिसताच तिथे रंगीत चिंधी बांधावी, हा जुन्या मिस्त्रींचा शिरस्ता फार उपयोगी. शुक्रवारी शोधलेली गळती शनिवारी कामाच्या गर्दीत विसरली जाते, चिंधी मात्र नजरेत राहते. टेफ्लॉनची टेप, नवे वॉशर आणि तारेऐवजी चांगल्या क्लिपा यांवर होणारा खर्च वर काढलेल्या रकमेपुढे नगण्य आहे. दुरुस्तीनंतर घड्याळ लावून तीच चाचणी पुन्हा घेतली पाहिजे. हे क्वचितच कोणी करते, आणि म्हणूनच आपण किती वाचविले हे कोणालाच ठाऊक नसते.

गळतीइतकीच महाग पडणारी आणखी एक सवय आहे. लाइनच्या टोकाला बसलेला कामगार तक्रार करतो, की ग्राइंडरला जोर नाही. मालक किंवा फिटर जाऊन कॉम्प्रेसरचा दाब सातवरून आठ बारवर नेतो. तक्रार मिटते; बिल वाढते. दाब एक बारने चढविला, की विजेचा खर्च ढोबळमानाने सहा ते सात टक्क्यांनी चढतो, शिवाय प्रत्येक गळतीतून जाणारी हवाही वाढते. मूळ दुखणे बहुधा वाटेत असते. फिल्टर चोंदलेला असतो, नाहीतर पाच यंत्रे वाढली तरी पाइप पहिल्या दोन यंत्रांसाठी टाकलेलाच राहिलेला असतो. पाइपचा आतील व्यास निम्मा झाला, तर तेवढ्याच हवेसाठी दाबातील घट सुमारे बत्तीस पट होते. अर्ध्या इंची पाइपात पैसे वाचविणारा माणूस ते पुढची दहा वर्षे वीज कंपनीला देत राहतो. कॉम्प्रेसरजवळचा आणि लाइनच्या शेवटच्या टोकाचा असे दोन गेज शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत, असा सल्ला जाणकार देतात. दोहोंतील फरक अर्ध्या बारहून बराच अधिक असेल, तर चावी फिरविण्याआधी पाइप आणि फिल्टर तपासायला हवेत.

पाइपात शिरणारा पाऊस

आतापर्यंतचे दुखणे कोइमतूर, लुधियाना किंवा राजकोटच्या कारखानदारालाही ओळखीचे वाटेल. कोकणपट्टीतील कारखान्याला त्यात पावसाळ्याची भर मिळते. ठाणे जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि या काळातली हवा बाष्पाने ओथंबलेली असते. कॉम्प्रेसर जी हवा ओढतो, तिच्याबरोबर हे बाष्पही ओढतो. हवा दाबली, की तिचे आकारमान आठव्या भागावर येते. मात्र थंड झाल्यावर तेवढ्या जागेत सगळे बाष्प मावत नाही आणि जे मावत नाही ते पाणी होते.

हे पाणी किती असावे, याचा अंदाज केला तर आश्चर्य वाटते. जुलैतली ३० अंश तापमानाची आणि ८० टक्के आर्द्रतेची हवा घेतली, तर तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. १०० सीएफएमचा कॉम्प्रेसर आठ तास पूर्ण क्षमतेने चालला, तर तो सुमारे १ हजार ३६० घनमीटर हवा आत घेतो, आणि तिच्यासोबत ३२ लिटरच्या आसपास पाणी. सात बारला दाबून ही हवा ४० अंशांपर्यंत थंड झाली, की त्यातले २३ लिटर पाणी टाकीत आणि कूलरमध्ये उतरते. म्हणजे एका पाळीत दीड-दोन बादल्या! उरलेले बाष्प हवेबरोबर पुढे जाते, आणि भिंतीलगतच्या थंड पाइपात आणखी तीन-चार लिटर पाणी होऊन उतरते. टाकी रोज रिकामी करूनही लाइनच्या टोकाला पाणी का येते, हा प्रश्न दर पावसाळ्यात गाळ्यागाळ्यातून विचारला जातो. त्याचे उत्तर हे आहे. हिवाळ्यात पाण्याचे हे प्रमाण निम्म्यावर येते आणि मग पुढच्या जूनपर्यंत सगळे विसरले जाते.

या पाण्याचा फटका सर्वांत आधी नगाला बसतो. सीएनसीवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक केलेला नग कामगार एअर गनने साफ करतो, आणि सोबत त्यावर पाण्याचा सूक्ष्म फवाराही मारतो. रात्रभरात त्यावर तांबूस ठिपके उमटतात. सकाळी मोठ्या कारखान्याचा तपासनीस अख्खा लॉट परत पाठवितो. रंगकामात हवेतल्या तेलाने माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, तर पावडर कोटिंगच्या बंदुकीत ओल्या हवेने पावडरच्या गुठळ्या होतात. ब्लास्टिंगची वाळू ओली होऊन नोझलमध्ये अडकते. लेसर यंत्रात तर तेलमिश्रित ओल्या हवेचा एक झोत काही हजारांची काच खराब करण्यास पुरेसा असतो. हवेच्या सिलिंडरमधले वंगण धुऊन जाते, व्हॉल्व्ह चिकटतात आणि दोष यंत्र बनविणाऱ्याला दिला जातो.

यावरचा पक्का उपाय म्हणजे ड्रायर. शीतकपाटाच्या तत्त्वावर चालणारा ड्रायर दाबाखालच्या हवेला तीन अंशांच्या आसपास थंड करतो, त्यातले पाणी काढून टाकतो आणि बहुतेक धातुकामाला ही कोरडी हवा पुरते. मात्र ड्रायर घेऊन टाकला म्हणजे काम संपले, अशी समजूत घातक आहे. ड्रायरही उकाड्यात ठेवला, त्याच्या जाळीवर ग्राइंडिंगची धूळ बसू दिली आणि त्याचा पाणी सोडणारा स्वयंचलित झडप-संच चोंदू दिला, तर तो केवळ वीज खाणारी पेटी बनतो. त्याच्याइतकीच महत्त्वाची आहे पाइप टाकण्याची पद्धत. मुख्य पाइप हवेच्या प्रवाहाच्या दिशेने शंभरास एक अशा हलक्या उतारावर हवा, उताराच्या शेवटी पाणी काढण्याचा कॉक हवा, आणि यंत्राकडे जाणारी फांदी मुख्य पाइपच्या खालच्या अंगाने न काढता वरच्या अंगाने काढून, हंसाच्या मानेसारखी वळवून खाली आणायला हवी. तळाशी वाहणारे पाणी मग यंत्राऐवजी कॉककडे जाते. याला एक पैसाही अधिक पडत नाही, फक्त पाइप टाकणाऱ्याला ते आधी सांगावे लागते.

पावसाळ्यात गरजेपेक्षा फार मोठा स्क्रू कॉम्प्रेसर घेणाराही फसतो. असा कॉम्प्रेसर थोडा वेळ चालतो आणि फार वेळ मोकळा राहतो. त्याचे तेल पुरेसे तापत नाही, त्यात पाणी साठते, आणि तेल ताकासारखे पांढरट दिसू लागते. अशा तेलावर चाललेल्या बेअरिंगचे आयुष्य किती असणार? शिवाय मोकळा फिरणारा स्क्रू कॉम्प्रेसर पूर्ण भाराच्या पाव ते एक तृतीयांश वीज खातच राहतो. पुढे काम वाढेल या आशेने मोठे यंत्र घ्यायचे, हा मराठी उद्योजकाचा सावध आशावाद येथे महागात पडतो.

शेजारची हवा

डोंबिवलीची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत इंजिनीअरिंगच्या शेडला लागून रासायनिक आणि कापडप्रक्रियेचे कारखाने आहेत. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्याच्या बातमीने राज्याचे लक्ष वेधले होते आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तेथील रस्ता गुलाबी झाल्याने मुख्यमंत्र्यांना पाहणीसाठी जावे लागले होते. माणूस अशा हवेत नाकाला रुमाल लावतो. कॉम्प्रेसरला तशी सोय नाही. आम्लाचा अंश असलेली हवा तो ओढतो, दाबून आठपट दाट करतो आणि त्यातून उतरलेले पाणी टाकीच्या तळाला सौम्य आम्ल बनून राहते. हवेचा साधा कागदी फिल्टर धूळ अडवितो. वायू अडवीत नाही. म्हणून हवा ओढण्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, शेजारची चिमणी किंवा धुराडे कोठे आहे, गल्लीत उघडे गटार आहे काय, या गोष्टी यंत्र बसविताना पाहायला हव्यात.

सिमेंटच्या पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ठेवलेल्या कॉम्प्रेसरचे हाल मे महिन्यात पाहावेत. आत येणाऱ्या हवेचे तापमान चार अंशांनी वाढले, की विजेचा खर्च सुमारे एक टक्क्याने वाढतो. कॉम्प्रेसरने बाहेर टाकलेली गरम हवा त्याच खोलीत कोंडली आणि तीच पुन्हा ओढली गेली, तर तापमान चढतच राहते. तेलाचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीमागे जवळजवळ निम्मे होते. भिंतीला एक झरोका पाडून त्यात एक पंखा बसविणे हा उपाय अगदी साधा, आणि तरीही बहुसंख्य ठिकाणी न केलेला.

टाकीतले पाणी काढून टाकण्याच्या कामाकडे कंटाळवाणी औपचारिकता म्हणून पाहिले जाते. त्यामागचे खरे कारण मात्र जिवाशी निगडित आहे. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीतील रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांनंतर रसायने आणि बॉयलर यांची चर्चा भरपूर झाली. बॉयलरसाठी स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र निरीक्षक असतात. हवेची टाकी मात्र निरुपद्रवी वाटते. तिच्यात ज्वालाग्राही काही नसते. पण ५०० लिटरच्या टाकीत सात बार दाबाने कोंडलेली हवा एकाएकी सुटली, तर तिच्यातली ऊर्जा एक टन वजनाची मोटार बारा-पंधरा मजले वर उचलण्याएवढी भरते. साठलेल्या पाण्याने टाकी तळाशी, आतून गंजते. बाहेरचा रंग तसाच चकचकीत राहतो. पत्रा पातळ होत जातो आणि तो किती उरला आहे हे बाहेरून डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी ध्वनिलहरींनी जाडी मोजावी लागते किंवा पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यावी लागते. ही चाचणी पाण्यानेच घ्यायची असते. पाणी दाबले जात नसल्याने टाकी फुटलीच तरी पाणी केवळ सांडते, हवेसारखा स्फोट करीत नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्यातील कलम ३१ ने दाबाखालच्या यंत्रणेत सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही याची जबाबदारी कारखानदारावर टाकली होती, आणि महाराष्ट्राच्या १९६३ च्या नियमांनी अशा टाक्यांची बाहेरून दर सहा महिन्यांनी व आतून दरवर्षी सक्षम व्यक्तीकडून तपासणी ठरवून दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली. कायद्याचे नाव बदलले म्हणून टाकीचा गंज थांबत नाही. ज्या गाळ्यात पाच-सात माणसे काम करतात, तेथे निरीक्षक पोहोचण्याचा संभव मुळातच कमी, आणि जुन्या बाजारातून आणलेल्या टाकीवर तर निर्मात्याची पाटीही नसते. ती कोणत्या दाबासाठी बनविली होती हे माहीत नसताना तिला सात बार भरणे हा शुद्ध जुगार आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह सुरसुरतो म्हणून त्याचे स्क्रू आवळून टाकण्याचा प्रकारही काही ठिकाणी चालतो. तो व्हॉल्व्ह म्हणजे टाकी आणि माणूस यांच्यामधली शेवटची भिंत, हे अशा वेळी कोणाच्या गावीही नसते.

पिस्टन कॉम्प्रेसरमध्ये आणखी एक धोका दडलेला असतो. स्वस्त किंवा भलतेच तेल घातले, तर ते गरम व्हॉल्व्हवर आणि बाहेर जाणाऱ्या पाइपात जळून कोळशासारखा थर धरते. हा थर पेट घेऊ शकतो. दर वर्षी तो पाइप उघडून आतून साफ करणे, हे काम दहा मिनिटांचे आहे. करणारे मात्र विरळा.

सर्वांत दुःखद अपघातांचा मात्र यंत्राच्या बिघाडाशी संबंध नसतो. पाळी संपली, की कामगार एअर गनने अंगावरची धूळ झटकतात. जवळपास प्रत्येक गाळ्यात हे दृश्य दिसते आणि ते धोकादायक आहे. धातूचा कण डोळ्यात शिरतो, जखमेतून किंवा कातडीतून हवा शरीरात जाऊ शकते. अमेरिकेतील सुरक्षा नियमांनुसार साफसफाईसाठी वापरायच्या हवेचा दाब ३० पीएसआयहून, म्हणजे सुमारे दोन बारहून, कमी असावा लागतो. आपल्याकडे सरळ सात बारची गन अंगावर धरली जाते. सहकाऱ्याच्या शरीरात नळी लावून हवा सोडण्याच्या तथाकथित थट्टेत कामगार दगावल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या औद्योगिक भागांतून आल्या आहेत. आतडे फाटण्यास क्षणाचाही अवधी लागत नाही. बहुधा नव्याने लागलेला, वयाने लहान, गावाहून आलेला मुलगा बळी पडतो. हवा म्हणजे केवळ हवा, हा समज जिवावर बेततो, आणि तो काढून टाकण्याची जबाबदारी मालकाची व मुकादमाची आहे. दाब कमी करणारे नोझल बाजारात मिळते. अंगावरची धूळ काढायला ब्रश किंवा व्हॅक्यूम पुरतो.

हवेची देखभाल नेमकी कोणी करायची, येथेच गाळ्यांची गाडी अडते. मोठ्या कारखान्यात युटिलिटी विभाग असतो. गाळ्यात ऑपरेटर लेथवर, फिटर दुरुस्तीवर आणि मालक बँकेत. म्हणून काम एकाच्या नावावर असायला हवे आणि त्यासाठी भिंतीवर टांगलेली एक वही पुरते. रोज सकाळी तेलाची पातळी आणि चालू तासांचा आकडा, रोज संध्याकाळी टाकीचा ड्रेन. पावसाळ्यात हाच ड्रेन पाळीत तीन-चार वेळा. आठवड्याला हवेचा फिल्टर झटकणे आणि कूलरच्या जाळीवरची धूळ उडविणे. तेल आणि तेलफिल्टर उत्पादकाने सांगितलेल्या तासांवर, महिन्यांच्या अंदाजाने नव्हे. तीन महिन्यांतून एका शुक्रवारी घड्याळ लावून गळतीची चाचणी. वहीत लोडचा आणि मोकळ्या वेळेचा आकडा लिहिला गेला, की पुढच्या खेपेस तुलना आपोआप होते.

ड्रेनमधून येणारे पाणी नुसते पाणी नसते, त्यात तेल मिसळलेले असते. ते गटारात सोडले, की नाल्यातून वालधुनी किंवा उल्हास नदीत पोहोचते. उल्हासच्याच पाण्यावर या पट्ट्यातील लाखो घरांचे नळ चालतात. तेल वेगळे करणारा छोटा विभाजक बसविता येतो. तो नसेल तर ते पाणी पिंपात साठवून, वर तरंगणारे तेल काढून वापरलेल्या तेलाबरोबर अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे देता येते.

आणि रात्री शेवटचा माणूस दिवे मालवून बाहेर पडताना टाकी व लाइन यांच्यामधला मुख्य व्हॉल्व्ह त्याने बंद करायचा, कॉम्प्रेसरचा स्विच खाली ओढायचा. बऱ्याच गाळ्यांत हे होत नाही. शटर बंद असते, आत अंधार असतो आणि दर काही मिनिटांनी कॉम्प्रेसर जागा होऊन रिकाम्या गाळ्यासाठी हवा दाबत राहतो. डोंबिवलीच्या निवासी विभागात रात्री खिडकीतून जी धडधड ऐकू येते, तिच्यातली काही या अशा कुलूपबंद गाळ्यांतून येत असते.